सहा आठवड्यांचा आहार आणि सातवा आठवडा

प्रश्न : माझे वय 48 वर्षे, उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 91 किलो आहे. चार वर्षांपूर्वी टाइप 2 मधुमेहाचे निदान झाले. दोन वेळा मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 7.8 आला होता. माझ्या एका सहकाऱ्याने आठ आठवडे रोज फक्त 800 कॅलरींचा आहार घेतला. त्याचे 11 किलो वजन उतरले आणि उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत आली. माझी पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. तोवर कोणालाही न सांगता हाच आहार करावा, चांगला रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना चकित करावे, गोळ्या बंद करून घ्याव्यात आणि मग पूर्ववत जेवू लागावे, असे मनात आहे. घरच्यांच्या कानावर हा विचार घातला, तेव्हा त्यांनी तो वेडेपणात काढला. यात काही तथ्य आहे की ही नुसती टूम आहे?

उत्तर : नमस्कार. पत्र पाठवल्यानंतर उत्तराची वाट न पाहता तुम्ही हा आहार सुरूही केला असेल, तर पुढचे सगळे बाजूला ठेवून आधी एवढे वाचा. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते आणि तुम्ही किती जेवलात याची ती फारशी दखल घेत नाही. नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरवलेला डोस तसाच चालू ठेवून जेवण एकदम 800 कॅलरींवर आणले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अंगाला दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, अचानक भुकेने कासावीस होणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे होत. हे गाडी चालवताना घडले तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून आहार सुरू केला असेल तर आज नेहमीसारखे जेवा आणि उद्या डॉक्टरांना फोन करा. सुरू केला नसेल तर त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत सुरू करू नका, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यात तथ्य आहे, आणि तुम्हाला वाटते त्याहून ते जुने आहे. 1870 साली पॅरिसला वेढा पडून शहरात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत असल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्याने नोंदवून ठेवले होते. त्यामागचे कारण नीट उलगडायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी 2008 मध्ये अशी मांडणी केली की, वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त खाल्ले की चरबी आधी यकृतात साचते. असे चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते, त्यामुळे सकाळी काही न खाताही आकडा चढलेला दिसतो. यकृतातील जास्तीची चरबी रक्तावाटे पुढे स्वादुपिंडात पोहोचते आणि तेथील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. हे खरे असेल तर चरबी काढून घेतल्यावर दोन्ही अवयव पुन्हा कामाला लागले पाहिजेत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 11 मधुमेहींना आठ आठवडे रोज सुमारे 600 कॅलरींवर ठेवले गेले. त्यांची उपाशीपोटीची साखर पहिल्या सात दिवसांतच जवळजवळ सामान्य पातळीवर आली, आणि यकृतातील चरबीचे प्रमाण आठ आठवड्यांत सुमारे 13 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर उतरले. स्वादुपिंडातून कमी झालेली चरबी तर एक ग्रॅमही भरली नाही, तरी इन्सुलिनचा प्रतिसाद हळूहळू परत आला.

यातील कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. यकृत आठवडाभरात सावरते, स्वादुपिंडाला दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यातील सुंदर आकडे पाहून आपण जिंकलो असे अनेकांना वाटते, कारण ग्लुकोमीटरला यकृताचे सावरणे दिसते, स्वादुपिंडाचे मागे राहणे दिसत नाही. वजनाचेही तसेच आहे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट-चौपट वजनाचे पाणी धरलेले असते. तो साठा पहिल्या काही दिवसांत संपला की पाणीही जाते आणि काटा झपाट्याने दोन-तीन किलो खाली येतो. त्या उतरणीचा आनंद जरूर घ्यावा, फक्त तिला चरबी समजू नये.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा 2017 च्या अखेरीस आला. टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंड व इंग्लंडमधील साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत सुमारे 300 रुग्णांवर ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. निम्म्या लोकांना तीन ते पाच महिने रोज 825 ते 853 कॅलरींचा तयार सूप व शेक यांचा आहार दिला गेला. वर्षअखेरीस त्यांतील 46 टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांपैकी 86 टक्क्यांना, 10 ते 15 किलो उतरवलेल्यांपैकी 57 टक्क्यांना आणि 5 ते 10 किलो उतरवलेल्यांपैकी 34 टक्क्यांना हे साधले, तर ज्यांचे वजन वाढले त्यांच्यापैकी एकालाही साधले नाही.

हे आकडे तुमच्या बेताला लावून पाहू. तुमच्या वयाच्या आणि वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण 2200 कॅलरी लागतात असे धरले, तर 800 कॅलरींच्या आहारात रोज 1400 कॅलरींची तूट पडते. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. या ढोबळ हिशेबाने सहा आठवड्यांत साडेसात किलोंच्या आसपास वजन उतरेल, त्यात पाण्याची भर पडेल, आणि थोडा स्नायूही जाईल. म्हणजे तुम्ही त्या 34 टक्क्यांच्या गटात जाऊन बसता. संधी वाईट नाही. शिवाय तुमच्या मधुमेहाला चारच वर्षे झाली आहेत आणि तुम्ही इन्सुलिनवर नाही, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. दुखणे जितके जुने, तितक्या त्या पेशी परत येण्याची शक्यता कमी असते, आणि त्या चाचणीतही निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेलेच रुग्ण घेतले होते. पण सहकाऱ्याचे आठ आठवडे तुम्ही सहावर आणता, ते केवळ तपासणीची तारीख तिथे पडते म्हणून. स्वादुपिंडाला त्या तारखेशी काही कर्तव्य नाही.

त्या तारखेला मिळणारा रिपोर्टही तुम्हाला हवा तसा बोलणार नाही. एचबीएवनसी हा तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचा हिशेब आहे आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात काढलेल्या आकड्यात आहारापूर्वीच्या दिवसांचाही वाटा मिसळलेला असतो. तो 7.8 वरून खाली येईल, पण तुमच्या त्या दिवसाच्या प्रकृतीइतका नाही. दुसरे असे की, तो आकडा गोळ्या चालू असताना आलेला असेल. 2021 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे साखर कमी करणारी सर्व औषधे बंद केल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी 6.5 च्या खाली असेल, तरच त्याला रेमिशन म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘मधुमेहमुक्ती’ असा शब्द रूढ झाला आहे. मला तो जरा मोठा वाटतो, कारण मुक्त झालेला माणूस मागे वळून पाहत नाही, आणि इथे तर दरवर्षी तपासणी करावीच लागते. मी ‘उपशम’ म्हणेन.

तुमच्या बेतात आणखी एक उलटा क्रम आहे. आधी आहार, मग रिपोर्ट आणि शेवटी गोळ्या बंद, असे तुम्ही योजले आहे. त्या चाचणीत मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे आहाराच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती आणि गरज दिसली तरच पुन्हा सुरू केली होती. रक्तदाबाच्या गोळीमागचे कारण असे, की इतका कमी आहार घेतल्यावर शरीरातून मीठ आणि पाणी झपाट्याने जाते, रक्तदाब आपोआप उतरतो, आणि वर गोळीही चालू राहिली तर अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडू शकतो. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून काय थांबवायचे, काय अर्ध्यावर आणायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार उतरत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल ते घाई करणारही नाहीत. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांच्या गोळीचे नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपते, त्यांनी अधिक सावध राहावे. या गोळ्या चालू असताना खाणे एकदम तोडले, तर रक्तातील साखर जवळजवळ सामान्य दिसत असतानाही आम्ल वाढून प्रकृती गंभीर होऊ शकते. उलट्या, पोटदुखी आणि धाप ही लक्षणे दिसल्यास ग्लुकोमीटरवर विसंबून न राहता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना चकित करण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्या. सहा आठवड्यांनी भेटण्याऐवजी याच आठवड्यात भेटा आणि सरळ सांगा : ‘मला देखरेखीखाली 800 कॅलरींचा आहार करायचा आहे, पहिल्या दिवसापासून गोळ्यांचे काय करायचे ते ठरवू या.’ सोबत मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या, युरिक आम्ल आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. डोळ्यांचे ऐकून आश्चर्य वाटेल, पण पडद्यावर आधीच मधुमेहाचा परिणाम झाला असेल, तर साखर फार वेगाने उतरल्यावर तो काही काळ बळावू शकतो. हे माहीत असलेले बरे. टाइप 1 मधुमेह, गर्भारपण, स्तनपान, खाण्याशी निगडित मानसिक आजाराचा इतिहास, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, मूत्रपिंडाचा गंभीर विकार यांपैकी काहीही असेल, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

डॉक्टरांनी होकार दिला, तर पुढे काय वाढून ठेवले आहे तेही सांगतो. पहिले चार-पाच दिवस सर्वांत कठीण असतात. डोके दुखते, चिडचिड होते, थंडी जास्त वाजते, तोंडाला वेगळा वास येतो. त्यानंतर भूक पुष्कळांना अपेक्षेपेक्षा सौम्य वाटते. चाचण्यांत तयार सूप व शेक वापरण्यामागे काही जादू नव्हती. त्यांत जीवनसत्त्वे आणि खनिजे पूर्ण प्रमाणात मोजून घातलेली असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘आज काय खाऊ’ हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते यशाचा मोठा वाटा या दुसऱ्या कारणाचा आहे, कारण माणसाचा निश्चय निवड करताना ढासळतो. घरच्या अन्नावर हाच आहार करता येतो, पण मग वजनकाटा स्वयंपाकघरात आणावा लागतो. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा ठळक वाटा, भरपूर बिनपिठूळ भाज्या, दिवसाला निदान दोन लिटर पाणी आणि डॉक्टरांनी सुचवलेली जीवनसत्त्वांची गोळी एवढे तरी सांभाळावे. तेल-तूप अगदी शून्यावर आणू नये. पित्ताशयाला आकुंचन पावण्यासाठी थोडी चरबी लागते, आणि ती मिळाली नाही तर झपाट्याने वजन उतरताना खडे होण्याचा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी गाउटचा (युरिक आम्ल साचून सांधे सुजण्याचा) त्रास झाला आहे, त्यांचा तो उसळू शकतो. बद्धकोष्ठ तर जवळजवळ ठरलेलेच. आहारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरू नका, बहुतेकदा ते पुन्हा येतात. स्नायू टिकवण्यासाठी चालण्याबरोबर वजन उचलण्याचे थोडे व्यायाम करा. मात्र या काळात जोरकस व्यायामाचा हट्ट धरू नका.

इथपर्यंत सगळे सहा आठवड्यांपुरते झाले. तुमच्या पत्रातील ज्या चार शब्दांपाशी मी सर्वांत जास्त थांबलो, ते शब्द ‘मग पूर्ववत जेवू लागावे’ हे आहेत. ज्या जेवणाने 91 किलोंचे शरीर घडवले आणि पोसले, ते जेवण त्याला पुन्हा 91 किलोंवर नेणार, यात नशिबाचा किंवा मनोबलाचा प्रश्न नाही. हा बेरजेचा प्रश्न आहे. त्यात शरीरही विरुद्ध बाजूने ओढते. वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरके चढतात आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरतात. कमी कॅलरींच्या दहा आठवड्यांच्या आहारानंतर हा बदल वर्षभराने मोजला तरी टिकून होता, असे 2011 च्या एका अभ्यासात दिसले. मेलबर्नमध्ये 200 लठ्ठ व्यक्तींवर झालेली आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी मिळून वाचावी अशी आहे. अर्ध्यांना 12 आठवड्यांत झटपट आणि अर्ध्यांना 36 आठवड्यांत सावकाश वजन कमी करायला सांगितले होते. झटपट गटातील 81 टक्के लोकांनी ठरवलेले लक्ष्य गाठले, सावकाश गटातील 50 टक्क्यांनी. म्हणजे ‘हळूहळू उतरवलेलेच टिकते’ ही समजूत निदान तिथे खरी ठरली नाही. पण पुढच्या जवळपास तीन वर्षांत दोन्ही गटांचे उतरलेल्या वजनापैकी सुमारे 71 टक्के वजन परत आले. वेग कोणताही असो, परतीचा रस्ता दोघांना सारखाच मोकळा होता.

‘डायरेक्ट’ चाचणीतही तेच दिसले. दोन वर्षांनी उपशमात असलेल्यांचे प्रमाण 46 वरून 36 टक्क्यांवर आले. पुढे ज्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले आणि ज्यांना मदतही मिळत राहिली, त्या गटात ते सुमारे 13 टक्केच उरले. हे वाचून निराश व्हावे असे मला वाटत नाही, कारण मधल्या काळातील कमी औषधे आणि कमी साखर हाही लाभच आहे. मात्र सहकाऱ्याचा आठव्या आठवड्यातील आकडा पाहून ठरवण्याआधी त्याचा पुढच्या वर्षीचा आकडा विचारून घ्या.

म्हणून पहिल्या दिवशी काय खायचे याच्या आधी सातव्या आठवड्यात (किंवा डॉक्टरांनी मुदत वाढवली, तर नवव्या वा तेराव्या आठवड्यात) काय खायचे, ते कागदावर लिहून काढा. चाचणीत सगळे जेवण एकदम परत दिले नव्हते. दोन ते आठ आठवड्यांत सूप-शेक एकेक करून कमी होत गेले आणि त्यांच्या जागी मोजून वाढलेले जेवण आले. तुम्हीही आधी दुपारचे जेवण परत आणा, दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहते का पाहा, मग रात्रीचे. कायमचे जेवण पूर्वीपेक्षा साधारण एक चतुर्थांशाने कमी राहील, अशी मनाची तयारी ठेवा. हलके झालेले शरीर कमी जाळते. आठवड्यातून एक दिवस ठरवून त्याच वेळी वजन करा. ते सर्वांत कमी वजनापेक्षा दोन किलोंहून जास्त चढले, तर वाट न पाहता काही आठवडे दिवसातील एक-दोन जेवणे पुन्हा मोजक्या आहाराची करा. चाचणीतही अशीच सोय ठेवलेली होती, आणि मला त्या सगळ्या कार्यक्रमातील हा सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, कारण वजन परत येणार हे गृहीत धरून तो आखला होता.

हे सर्व तुम्हाला झेपणारे वाटत नसेल, तर दिवसाला 500-600 कॅलरींची तूट ठेवून वर्षभरात तेवढेच वजन उतरवण्याचा मार्ग आहेच. साखरेला उतरलेल्या किलोंशी मतलब आहे, ते किती दिवसांत उतरले याच्याशी फारसा नाही.

राहता राहिले घरचे. तुम्ही हे लपून करणार असाल, तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांना विश्वासात घ्या आणि दोन कामे त्यांच्यावर सोपवा. पहिले, साखर उतरल्याची लक्षणे त्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी गोंधळलेल्या माणसाला स्वतःला काही सुचत नाही. आकडा 70 च्या खाली गेला की 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, तरीही कमी असेल तर पुन्हा द्यायचे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णवाहिका बोलवायची. ग्लुकोजचा डबा कुठे ठेवला आहे हे घरातील प्रत्येकाला माहीत हवे, आणि एक पुडी तुमच्या खिशात. दुसरे काम म्हणजे, तुमच्या ताटात काय आहे यावर जेवणाच्या वेळी कोणीही टीका करायची नाही, ना ‘एवढेसेच?’ म्हणून, ना ‘आज चालेल थोडे’ म्हणून.